रेंज आहे, पण नेट नाही!

हॉस्टेलचं वाय-फाय स्लो आहे म्हणून आपण दिवसातून दहा वेळा ओरडतो. मेसमध्ये ओरडतो, रेक्टर मॅडमकडे सह्यांचा अर्ज देतो, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री तर विचारूच नका! पण सुट्टीत घरी गेलो की आपल्यातल्या बऱ्याच जणांचा पहिला प्रश्न असतो, "आई, रेंज कुठल्या खिडकीत येते?" आणि आईबाबांचा आपल्याला प्रश्न असतो, "तू इंजिनिअर होणार ना? मग सांग, कुठलं कनेक्शन घेऊ?"

इथं आपली दांडी गुल होते. फ्री स्पेस पाथ लॉसचा फॉर्म्युला आपण पाठ करतो, डेसिबलची गणितं सोडवतो, पण वाडीवरच्या घरात नेट कुठलं घ्यावं हे कुठल्याच युनिटमध्ये नाही. खरं म्हणजे सगळं उत्तर त्याच फॉर्म्युल्यात आहे. मे महिन्यात माझ्या रूममेटच्या घरी गेले होते तेव्हा हे आम्ही दोघींनी प्रत्यक्ष करून पाहिलं. म्हणून हा लेख. ई अँड टीसीवाल्यांना सोपा वाटेल, मेकॅनिकलवाल्यांनी डेसिबलला घाबरू नये.

आधी परिस्थिती. घर रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वर तालुक्यात. कोकणातलं गाव म्हणजे देशावरच्यासारखं एका जागी गोळा झालेलं नसतं. गाव म्हणजे दहाबारा वाड्या, मध्ये पऱ्या, वर सडा, खाली नदी. कागदावर "गावात नेट आहे" असं असतं तेव्हा ते बहुतेक ग्रामपंचायतीच्या ऑफिसात असतं. रूममेटची वाडी तिथून पावणेदोन किलोमीटर, तेही डोंगराच्या कुशीत. घरात काका, काकू आणि ताई. काकांना गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. ताई मुंबईतल्या एका फर्मचं अकाउंट्सचं काम करते आणि सध्या घरी राहून करायला मिळतंय, पण फर्मनं स्पष्ट सांगितलंय, महिनाभर नेट नीट चालवून दाखवा नाहीतर ऑफिसला या. ताई मुंबईला गेली तर काकांना उचलून बसवायला काकू एकट्या. त्यामुळे हा प्रश्न पिक्चर डाऊनलोड करण्याचा नव्हता.

पहिली गोष्ट आम्ही केली ती म्हणजे गरज मोजली. सगळे आधी स्पीड विचारतात, "शंभर एमबीपीएस आहे का?" अरे, पण करणार काय त्याचं? एक चांगल्या दर्जाचा व्हिडिओ कॉल वर साधारण १.२ आणि खाली १.२ एमबीपीएस घेतो. म्हणजे दोन्ही मिळून २.४. हे मेगाबिट आहेत, मेगाबाइट नाहीत, म्हणून आठनं भागा. २.४ गुणिले ३६०० भागिले ८, म्हणजे तासाला १०८० एमबी, सुमारे एक जीबी. रोज चार तास, महिन्याचे २२ दिवस, म्हणजे ९५ जीबी. रोज दोन जीबीच्या मोबाईल प्लॅनमध्ये हे बसत नाही. तेच व्हिडिओ बंद ठेवून नुसतं बोलायचं ठरवलं तर दोन्ही बाजू मिळून ०.२ एमबीपीएस धरा, तासाला ९० एमबी. चार तासांचे ३६० एमबी, आरामात बसतं! ताईचं काम मुंबईच्या कॉम्प्युटरवर इथून लॉगिन करून चालतं आणि कॉल बहुतेक आवाजाचेच असतात. तिला दोनतीन एमबीपीएस पुरतात. पण ते सकाळी दहा ते संध्याकाळी सात सलग पाहिजेत, आणि अपलोडलाही पाहिजेत. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो डाऊनलोडचा आकडा. अपलोडचा कुठं असतो ते शोधून दाखवा!

गंमत म्हणजे २००४ च्या सरकारी धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत होते. २०१३ मध्ये ते ५१२ झालं आणि जानेवारी २०२३ पासून किमान २ एमबीपीएस. म्हणजे ताईची गरज सरकारी व्याख्येच्या जरा वर आहे, एवढंच.

आता रेंज. काकू म्हणाल्या, "अगं, फोनला तर तीन कांड्या दाखवतोय की!" या कांड्यांवर विश्वास ठेवू नका. कुठल्या लेव्हलला किती कांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारा ठरवतो, दोन फोन शेजारी ठेवले तर वेगवेगळ्या दिसतात. खरा आकडा फोनच्या सेटिंगमध्ये 'अबाउट फोन', मग 'सिम स्टेटस' इथं मिळतो (काही फोनमध्ये जागा जरा वेगळी असते). त्यात सिग्नल स्ट्रेंग्थ डीबीएममध्ये लिहिलेली असते, आणि ती उणे असते. उणे ८० म्हणजे छान, उणे १०० म्हणजे चालेल, उणे ११० म्हणजे रडतखडत, उणे १२० म्हणजे देवाचं नाव घ्या. लक्षात ठेवायचं ते हे की ही लॉगची स्केल आहे. उणे ९५ आणि उणे ११५ यांत फरक वीसच दिसतो, पण पॉवर शंभर पट कमी झालेली असते.

आम्ही वही घेऊन घरभर फिरलो. माजघरात उणे ११८, पडवीत उणे १०९, अंगणात उणे १०४, शिडी लावून कौलांच्या वर गेलं की उणे ९७. (शिडीवर मी चढले, काकू खालून ओरडत होत्या.) सड्यावर उणे ८४! एकाच घरात आत आणि वर एकवीस डीबीचा फरक, म्हणजे सव्वाशे पट. जांभ्याची फूटभर जाडीची भिंत आणि गळतं म्हणून कौलांखाली घातलेला पत्रा, ही दोघं मिळून सगळं खातात. (अटेन्युएशनला मराठीत 'क्षीणन' म्हणतात म्हणे, पण एवढा जड शब्द वापरला तर उरलेला सिग्नलही मरेल.) २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सिंधुदुर्गातली एक मुलगी भर पावसात डोंगरावर खोपटं बांधून अभ्यास करत होती, ती बातमी आठवते? तिच्या जिद्दीचं सगळ्यांनी कौतुक केलं. करायलाच हवं. पण ती डोंगरावर का गेली, तर याच वीसपंचवीस डीबीसाठी.

आता फ्रिक्वेन्सी. आपल्याकडे ४जी बऱ्याच वेगवेगळ्या बँडवर चालतं. जिओचं ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर, एअरटेलचं ९००, १८००, २३०० वर. बीएसएनएलचं देशी बनावटीचं ४जी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झालं, त्यात ७०० आणि २१०० आहेत. ५जीचा मुख्य बँड ३५०० च्या आसपास. तेवढ्याच गेनचे अँटेना धरले तर ८५० आणि ३५०० मधला फरक २० लॉग (३५०० भागिले ८५०), म्हणजे १२.३ डीबी. अंतर तेच, टॉवर तोच, आणि सतरा पट कमी! शिवाय कमी फ्रिक्वेन्सी डोंगराच्या कडेवरून थोडी वाकून येते, मोठी फ्रिक्वेन्सी सरळ निघून जाते. म्हणून शहरातल्या भावाचं ५जी राउटर बघून आपण भुलायचं नाही. डोंगराळ भागात ज्या कंपनीचा कमी फ्रिक्वेन्सीचा बँड जवळच्या टॉवरवर चालू आहे, तिचं पारडं जड. कुठला बँड पकडलाय हे दाखवणारी नेटमॉन्स्टरसारखी ॲप फुकट मिळतात.

पण नुसती पॉवर बघूनही भागत नाही. आमच्या वहीतला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हाच आहे. दोन कंपन्यांची सिम घेतली, त्यांना 'अ' आणि 'ब' म्हणू. कौलांवर 'अ' ची पॉवर उणे ९२, 'ब' ची उणे १०१. कुणीही 'अ' घेईल. सकाळी सहा वाजता स्पीड टेस्ट केली, 'अ' ला २२ एमबीपीएस आणि 'ब' ला ११. पुन्हा 'अ' च पास! रात्री नऊला केली तर 'अ' ०.८ वर आणि 'ब' ७ वर. तीन दिवस हेच. मग ॲपमधला एसआयएनआर पाहिला. सिग्नल हा आवाज आणि इतर टॉवरची गडबड यांच्या किती वर आहे ते यातून कळतं. 'ब' ला १४, 'अ' ला फक्त १. कारण त्या जागेवर 'अ' चे दोन टॉवर जवळजवळ सारख्याच जोरात ऐकू येत होते, एक नदीपलीकडचा आणि एक हायवेच्या बाजूचा. वर्गात दोन सर एकदम शिकवायला लागले तर? दोघांचाही आवाज मोठा, पण आपल्या डोक्यात काहीच जात नाही. त्यातून संध्याकाळी हायवेवरचं सगळं पब्लिक 'अ' वर.

म्हणून टेस्ट एकदाच करू नका. सकाळी, दुपारी आणि रात्री आठ ते दहा, निदान तीन दिवस. आणि कोकणात असाल तर खरी परीक्षा गणपतीत. मुंबईहून चाकरमानी येतात, वाडीतली माणसं दुप्पट-तिप्पट होतात आणि टॉवर मात्र तोच. मागच्या गणपतीत आरतीचा व्हिडिओ पाठवायला रात्री दोन वाजेपर्यंत जागावं लागलं असं रूममेट सांगते.

यावर उपाय काय? बाजारात 'सिग्नल बूस्टर' मिळतात, दुकानदार छातीठोकपणे सांगतो. घेऊ नका. परवानगीशिवाय असा रिपीटर लावणं आपल्याकडे बेकायदा आहे आणि तो टॉवरच्या रिसीव्हरमध्ये नॉइज ओततो, म्हणजे आपल्यामुळे अख्ख्या वाडीचं नेट बिघडतं. कायदेशीर आणि जास्त चांगला मार्ग म्हणजे सिम घालायचा राउटरच वर न्यायचा. बाहेर लावायचा, पावसात टिकणारा राउटर मिळतो, अँटेना त्याच्या आतच असतो. तो टॉवरच्या दिशेनं तोंड करून लावला की बाकीच्या टॉवरची गडबड कमी ऐकतो, म्हणजे पॉवर आणि एसआयएनआर दोन्ही सुधारतात. काही जण राउटर घरात ठेवून अँटेना वर लावतात आणि मध्ये दहा मीटर बारीक कोॲक्स केबल टाकतात. ती केबल या फ्रिक्वेन्सीला मीटरमागे अर्ध्या डीबीपेक्षा जास्त खाते. म्हणजे अँटेनानं कमावलेलं केबलनं उडवलं! त्यापेक्षा राउटर वर आणि खाली साधी लॅनची केबल. ती १०० मीटरपर्यंत काहीही न खाता चालते आणि तिच्यातूनच राउटरला वीजही देता येते.

दुसरा पर्याय होता तालुक्यातल्या केबलवाल्याचा रेडिओ. त्याच्या टॉवरवर एक डिश, आपल्या घरावर एक, मध्ये ५.८ गिगाहर्ट्झची हवेतली लिंक. स्पीड चांगला मिळतो, टॉवर शेअर करणाऱ्यांची गर्दी मोबाईलपेक्षा कमी. पण अट अशी की डिशला डिश दिसली पाहिजे. आणि नुसती दिसून चालत नाही! लाटेला मध्ये फुगीर जागा लागते, तिला फ्रेनेल झोन म्हणतात. घर ते टॉवर नऊ किलोमीटर धरलं तर मध्यावर या झोनची त्रिज्या १७.३ गुणिले वर्गमूळ (९ भागिले ४ गुणिले ५.८), म्हणजे १०.८ मीटर. त्यातली साठ टक्के तरी मोकळी पाहिजे, साडेसहा मीटर. गूगल अर्थमध्ये दोन ठिकाणं जोडणारी रेघ काढून 'एलेव्हेशन प्रोफाइल' बघितलं की डोंगर मध्ये येतो का ते घरबसल्या कळतं. आमच्या रेघेत डोंगर येत नव्हता, पण सड्याच्या कडेची आंब्याची कलमं बरोबर त्या साडेसहा मीटरमध्ये येत होती. कंपनीचा माणूस म्हणाला, "मे महिन्यात छान चालेल." मे महिन्यात चालेलच हो! जूनमध्ये पानं भिजल्यावर काय? भिजलेली पानं या फ्रिक्वेन्सीला भिंतीसारखी असतात. आणि कलमं शेजाऱ्यांची, उत्पन्न देणारी. ती कोण तोडणार, आणि का तोडावीत?

इथं एक गैरसमज काढून टाकते. "पाऊस आला की नेट जातं" असं सगळे म्हणतात. पावसाचे थेंब स्वतः पाच गिगाहर्ट्झपर्यंत फारसं काही करत नाहीत. ते छळतात दहा गिगाहर्ट्झच्या वर, म्हणून मुसळधार पावसात डिश टीव्ही जातो. बाकी नेट जातं ते लाईट जाते म्हणून, कनेक्टरमध्ये पाणी शिरतं म्हणून, नाहीतर झाड वायरवर पडतं म्हणून. कारण कळलं तर उपाय करता येतो.

फायबर सगळ्यात उत्तम, यात वाद नाही. २०११ मध्ये मंजूर झालेली आणि पुढे भारतनेट नाव मिळालेली योजना ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याची आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या पुढच्या टप्प्याला केंद्रानं १,३९,५७९ कोटी मंजूर केले. पंचायतीपर्यंत आलेलं पुढे वाडीपर्यंत कसं जाणार, हा आपला प्रश्न. अंतराची टेक्निकल अडचण मुळीच नाही. एक्स्चेंजपासून बारा किलोमीटर फायबर धरली तर किलोमीटरला ०.३५ प्रमाणे ४.२ डीबी, एकाचे बत्तीस करणारा स्प्लिटर सुमारे १७, जोड आणि कनेक्टरचे अडीच. झाले २४ च्या आत, आणि नेहमीच्या उपकरणांचं बजेट २८ चं असतं. म्हणून कनेक्शनवाल्याला स्पीड विचारण्याआधी एकच विचारा, "शेजाऱ्याच्या बॉक्सवर किती डीबीएम लाईट येते?" उणे २० च्या आसपास असेल तर मस्त. उणे २७ च्या पुढे गेली की लाल दिवा लागतो आणि मग फोन करत बसा. (गावात लाईट दोन प्रकारची, एक एमएसईबीची आणि एक फायबरमधली. वायरमनशी बोलताना आमचा बराच गोंधळ झाला.)

अडचण असते ती खांबांची आणि माणसांची. पावणेदोन किलोमीटर केबल झाडाझाडावरून टांगत आणायची, खाली वणवा, वर वानरं, रस्त्याला जेसीबी. तुटणार हे गृहीतच धरा. प्रश्न एवढाच की तुटल्यावर जोडणारं मशीन कुठं आहे आणि ते घेऊन येणारा माणूस किती दिवसांनी येतो. हे कंपनीच्या ऑफिसात विचारू नका, ज्याच्याकडे वर्षभर कनेक्शन आहे त्याला चहा प्यायला बसवून विचारा. पंचायतीजवळच्या किराणा दुकानदारानं आम्हाला खरं सांगितलं. कनेक्शन सुंदर चालतं, पण मागच्या जुलैमध्ये तुटलं तेव्हा अकरा दिवस बंद होतं. ताईला अकरा दिवस परवडणारे नाहीत. आणि तेवढ्या केबलचा खर्च एका घरानं करणंही परवडणारं नाही. आपल्या पिनकोडमध्ये वायरवाल्या कोणकोणत्या कंपन्या आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं, तेही पाहून घ्या. कधीकधी आपल्याला माहीतच नसलेलं नाव निघतं.

जुनी टेलिफोनची तांब्याची लाईन असेल तर ती विसरा. डीएसएलचा स्पीड एक्स्चेंजपासून जसं लांब जावं तसा झपाट्यानं पडतो, पाचएक किलोमीटरपुढे जवळजवळ शून्य. सॅटेलाइटबद्दल सगळे उत्साहानं विचारतात. जुना प्रकार ३५,७८६ किलोमीटरवरच्या उपग्रहाचा. प्रश्न वर-खाली आणि उत्तर वर-खाली, अशा चार फेऱ्या, म्हणजे प्रकाशाच्या वेगानंही जवळजवळ अर्धा सेकंद. बोलताना दोघंही एकदम बोलतात आणि दोघंही एकदम गप्प होतात. स्टारलिंकसारखे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर असतात, तिथं हाच वेळ सात मिलिसेकंद, त्यामुळे तो त्रास नाही. त्यांना जून २०२५ मध्ये आपल्याकडे परवाना मिळाला. पण त्या डिशला आकाशाचा बराच मोठा तुकडा मोकळा लागतो, आणि झाडीतल्या घरांना तोच नसतो.

राहिली वीज. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगड भागात कित्येक दिवस लाईट नव्हती आणि मोबाईलही बंद होते. एवढ्यापुढे कुणाचाच इलाज नाही. पण रोजच्या दोनतीन तासांचा आहे. राउटरला १२ व्होल्ट आणि साधारण १५ वॉट लागतात. १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची छोटी बॅटरी म्हणजे ८४ वॉट-अवर, हिशेबानं साडेपाच तास, प्रत्यक्षात चार धरा. टॉवरचीही बॅटरी असतेच, ती किती टिकते हे लाईट गेल्यावर घड्याळ लावून बघा. आमच्याकडे 'ब' चा टॉवर तीन तास टिकला. म्हणजे आपण आठ तासांची बॅटरी घेऊन पैसे वाया घालवण्यात अर्थ नव्हता. आणि छपरावर लोखंडी पाईप उभा केलात तर अर्थिंग कराच. जांभ्याच्या कातळात अर्थिंग धड मिळत नाही, विहिरीजवळची ओली माती बघून तिथं खड्डा घ्या. कडकडाट सुरू झाला की लॅनची केबल काढून ठेवायची, हे काम काकूंनी स्वतःकडे घेतलंय.

तर शेवटी गोठ्याच्या कोपऱ्याला पंधरा फुटी पाईप उभा केला, त्यावर 'ब' च्या सिमचा राउटर नदीपलीकडच्या टॉवरकडे तोंड करून. रीडिंग आलं उणे ९३, एसआयएनआर १७, रात्री नऊला आठ एमबीपीएस. 'अ' चं सिम ताईच्या फोनमध्ये, 'ब' बंद पडलं तर तात्पुरतं. पावसाचा पहिला आठवडा कठीण गेला, एका दुपारी दोनदा कॉल तुटला. कनेक्टरवर टेप नीट नव्हती, ती बदलली. ताईचा महिना जूनमध्ये पूर्ण झाला आणि फर्मनं आणखी तीन महिने दिलेत. फायबरसाठी वाडीतली पाच घरं खर्च वाटून घ्यायला तयार आहेत. आणखी दोन घरं मिळाली तर जमतं, पण त्यांचे मालक मुंबईला असतात. ते गणपतीला आले की काका स्वतः बोलणार आहेत.